विंडोज सीईचे ड्रायव्हर लिनक्सवर नेण्यासाठी जर्मनीत येताना

तुम्ही पुण्यात सहा वर्षे विंडोज सीईसाठी, म्हणजे यंत्रांत बसवायच्या मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठी, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) लिहीत आहात, स्टुटगार्टजवळच्या एका यंत्रनिर्मात्याने तुम्हाला नोकरी देऊ केली आहे आणि त्यांच्या यंत्रांवरील कंट्रोल पॅनेलचे जुने ड्रायव्हर लिनक्सवर आणणे हे तुमचे काम असेल, असे तुम्ही कळवले आहे. सीईचा अनुभव आता भंगारात निघाला का, काम प्रत्यक्षात कसे असते आणि व्हिसा व भाषेची तयारी किती करावी, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी याच भागात हेच काम करतो, म्हणून मधला प्रश्न विस्ताराने घेतो. पहिल्याचे उत्तर त्यातच आहे आणि तिसऱ्याची अधिकृत माहिती सहज मिळण्यासारखी आहे.

हे काम निघाले कशातून, ते आधी सांगतो. विंडोज एम्बेडेड कॉम्पॅक्ट २०१३ ही सीईची शेवटची आवृत्ती, आणि तिचा विस्तारित सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. इकडची यंत्रे मात्र वीस-वीस वर्षे चालतात. त्यात डिजिटल उत्पादनांच्या सुरक्षेसाठीचा युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स अॅक्ट १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आला असून, त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यानंतर ज्या उत्पादनाला सुरक्षा अपडेट देता येत नाहीत, ते युरोपात नव्याने विकणे अवघड होईल. परिणामी अनेक कंपन्यांकडे आज सीईचा असा कोड पडून आहे, ज्याचे लेखक निवृत्त झाले आहेत आणि जो त्यांच्या तरुण लिनक्स अभियंत्यांना वाचता येत नाही. दोन्ही बाजू वाचू शकणारा माणूस त्यांना हवा आहे, म्हणून सीईचा अनुभव तुमच्या अर्जातून गाळू नका. उलट तो वर घ्या.

आता कामाविषयी. सीईचे बरेच ड्रायव्हर दोन थरांत लिहिलेले असतात: वरचा, सर्वसाधारण कामाचा एमडीडी बहुधा सीई तयार करण्याच्या प्लॅटफॉर्म बिल्डर या साधनासोबत आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या नमुना कोडवरून घेतलेला, आणि खालचा पीडीडी त्या कंपनीने स्वतःच्या हार्डवेअरसाठी लिहिलेला. नेण्यासारखे जे आहे ते खालच्या थरात आहे. वरचा थर ओळीओळीने लिनक्सवर आणण्याचा मोह टाळा, कारण एक तर ते काम लिनक्समध्ये त्या-त्या उपप्रणालीने आधीच केलेले असते, आणि दुसरे म्हणजे त्या नमुना कोडचा परवाना कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) जीपीएल या खुल्या परवान्याशी जुळेल असे गृहीत धरता येत नाही. माझी रीत अशी आहे की जुना कोड वाचून आधी एक साधे टिपण करायचे: कोणता रजिस्टर (हार्डवेअरमधली नियंत्रणाची जागा), कोणत्या क्रमाने, कोणत्या विलंबाने आणि का. मग जुनी फाइल बंद करून त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर लिहायचा.

इंटरप्टच्या, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेल्या हाकेच्या, बाबतीत सीईवाल्याला चक्क फायदा असतो. तुम्हाला ठाऊकच आहे की तिथे आयएसआर हे छोटे फंक्शन फक्त कोणत्या उपकरणाने हाक दिली ते ठरवतो, खरे काम इव्हेंटवर थांबलेला आयएसटी हा थ्रेड करतो आणि त्याने शेवटी ‘इंटरप्ट डन’ कळवल्यावरच ती लाइन पुन्हा उघडते. लिनक्सच्या जुन्या उदाहरणांत टास्कलेट ही इंटरप्टचे काम पुढे ढकलण्याची जुनी पद्धत भेटेल, पण तिकडे जाऊ नका. थ्रेडेड इंटरप्ट घ्या आणि त्याला वनशॉट फ्लॅग द्या. म्हणजे थ्रेडचे काम संपेपर्यंत लाइन बंद राहते आणि ती उघडण्याची जबाबदारी कर्नल घेतो. आयएसटीमधला न संपणारा लूप मात्र गेला पाहिजे, कारण इथे तुमचे फंक्शन दर इंटरप्टला बोलावले जाते आणि त्याने काम उरकून परत यायचे असते.

थ्रेडच्या प्राधान्यक्रमाचे आकडे उचलून आणू नका. सीईत ० ते २५५ पैकी ० सर्वांत वरचा असतो, तर लिनक्सच्या फिफो या रिअल-टाइम पद्धतीत १ ते ९९ पैकी ९९ सर्वांत वरचा, आणि इंटरप्टचे थ्रेड मुळात ५० वर चालतात. सीईत १० वर ठेवलेला अतिशय तातडीचा थ्रेड त्याच आकड्याने इथे आला, तर तो सगळ्या इंटरप्ट थ्रेडच्या मागे जाऊन बसतो. तुमच्या कंपनीला रिअल-टाइमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत प्रतिसादाची, हमी हवी असणारच. त्यासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी हा भाग २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आला आहे. तो चालू केला की साधा स्पिनलॉक (न झोपता वाट पाहणारा लॉक) झोपू शकणारा लॉक होतो, हे लक्षात ठेवून लॉकची रचना पहिल्यापासूनच करावी.

सर्वांत जास्त वेळ खातात ते विलंब. एका जुन्या ड्रायव्हरमध्ये एफपीजीए (हवी तशी रचता येणारी चिप) रीसेट केल्यानंतर तीन मिलिसेकंदांची झोप होती आणि शेजारी जर्मन भाषेत एवढीच टीप होती की याशिवाय चालत नाही. डेटाशीट त्याबद्दल गप्प होते. ऑसिलोस्कोपवर पाहिले तेव्हा कळले की चिप तयार होण्यास तीन मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ घेते. सीईची झोप टाइमरच्या टिकवर मोजली जात असल्यामुळे सांगितल्यापेक्षा जवळजवळ एक मिलिसेकंद लांबू शकते, आणि त्या वाढीव वेळेवरच ती यंत्रे वर्षानुवर्षे सुखाने चालली होती. लिनक्सवर मोजून तीन मिलिसेकंदांचा विलंब दिला असता, तर दहापैकी काही वेळा पॅनेल चालूच झाले नसते. उलट बाजूने, लिनक्सचे एमस्लीप हे फंक्शन लहान विलंबांना मागितल्यापेक्षा बरेच लांबवू शकते. म्हणून वीस मिलिसेकंदांपर्यंत यूस्लीप-रेंज वापरून किमान आणि कमाल अशा दोन्ही मर्यादा द्याव्यात. जुन्या कोडमधला प्रत्येक विलंब संशयित समजा आणि तो स्कोपवर मोजून घ्या.

दुसरा सापळा डीवर्ड या संख्येच्या प्रकाराचा. सीईत तो अनसाइन्ड लाँग असतो आणि ३२ बिटांचा असतो. कोणीतरी हेडर फाइलमध्ये तीच व्याख्या टाकून कोड ६४ बिटांच्या आर्म बोर्डवर चालवतो. तिथे लाँग ६४ बिटांचा, त्यामुळे डीएमएच्या (उपकरणाने प्रोसेसरला वगळून थेट मेमरी वापरण्याच्या) डिस्क्रिप्टरमधले, म्हणजे उपकरणासाठीच्या सूचनापत्रातले, प्रत्येक घर दुप्पट रुंद होते. कंपायलर एका शब्दाने तक्रार करत नाही, आणि हार्डवेअर मात्र लांबीच्या जागी पत्त्याचा तुकडा वाचते. हार्डवेअर ज्या रचनेला हात लावते, तिथे ठरावीक रुंदीचे प्रकारच वापरावेत. डीएमएसाठी फिजिकल पत्ता स्वतः काढून उपकरणाला देणे आणि कॅश हाताने फ्लश करणे ही सीईतली सवयही सोडावी लागेल, कारण मध्ये आयओएमएमयू हे पत्ते बदलून देणारे हार्डवेअर असेल तर उपकरणाला दिसणारा पत्ता वेगळा असतो. कर्नलच्या डीएमए फंक्शनांनी दिलेला पत्ताच खरा मानायचा.

सीईच्या रजिस्ट्रीत लिहिलेले पत्ते आणि इंटरप्टचे क्रमांक डिव्हाइस ट्रीमध्ये (लिनक्सला हार्डवेअरचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) जातात, ते फार कठीण नाही. कठीण जाते ते पटवणे. कंपनीतले अॅप्लिकेशनवाले म्हणतील की जुने आयओ-कंट्रोल कोड (ड्रायव्हरला आज्ञा देण्याचे क्रमांक) जसेच्या तसे ठेवा. तसे करू नका. लिनक्सच्या तयार उपप्रणाली वापरा: टच पॅनेल इनपुटमध्ये, तापमान एचडब्ल्यूमॉनमध्ये, एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) आयआयओमध्ये बसवा. कर्नलच्या आतले इंटरफेस आवृत्तीगणिक बदलतात आणि ते स्थिर ठेवण्याचे वचन कोणी दिलेले नाही, त्यामुळे मुख्य कर्नलमध्ये न गेलेला ड्रायव्हर दर अपडेटला कोणालातरी दुरुस्त करत बसावा लागतो. ते कोणीतरी तुम्हीच असाल.

व्हिसाबद्दल थोडक्यात. ब्लू कार्ड या उच्चशिक्षितांच्या वास्तव्य-परवान्यासाठी पगाराची किमान मर्यादा दरवर्षी बदलते. आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत २०२५ साली ती वर्षाला ४३,७५९.८० युरो होती. तुमचे विद्यापीठ आणि पदवी अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत आधी तपासा, कारण तिथे अडले तर वेळ जातो. कायम वास्तव्याचा परवाना ए-१ पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी आणि बी-१ पातळीवर २१ महिन्यांनी मागता येतो. बैठका इंग्रजीत होतील, पण जुन्या कोडमधल्या टिपा, सर्किटची टिपणे आणि ज्याला सगळे ठाऊक आहे तो कार्यशाळेतला ज्येष्ठ तंत्रज्ञ, हे सगळे जर्मन असतात. बी-१ परवान्यासाठी नव्हे, त्या तंत्रज्ञासाठी करा.

निघण्यापूर्वी बीगलबोन किंवा रास्पबेरी पाय या छोट्या बोर्डवर एखाद्या आय-टू-सी (दोन तारांवर जोडल्या जाणाऱ्या) सेन्सरचा ड्रायव्हर लिहा आणि जमल्यास कर्नलमध्ये एखादा लहानसा पॅच (कोडमधला बदल) पाठवा. प्रमाणपत्रांपेक्षा तो जास्त पाहिला जातो. करारावर सही करण्याआधी कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा: नवा बोर्ड कोणता, कर्नलची आवृत्ती कोणती, ड्रायव्हरचा स्रोत जीपीएलखाली खुला करण्यास त्यांची हरकत आहे का, आणि जुना सीई कोड अजूनही बिल्ड होणारे मशीन त्यांच्याकडे जिवंत आहे का. शेवटच्याचे उत्तर नाही असेल, तर जुन्या ड्रायव्हरमध्ये एक लॉगची ओळसुद्धा वाढवता येणार नाही, आणि वेळापत्रकात किमान दुप्पट वेळ मागून घ्यावा लागेल.