कुत्रे पकडण्याआधी काय शिकावं?

प्रश्न : मुलाला भटके कुत्रे पकडण्याच्या गाडीवर काम लागलंय. शिकवणं असं काही नाही, नुसतं जाळं हातात दिलं. जीव टांगणीला लागलाय. – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पहिल्यांदा रेबीजची लस. चावण्याची वाट बघू नका. ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी घ्यायची असते (पहिला डोस तो ० दिवस). तरीही चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुऊन तडक दवाखाना.

मग त्याला कुत्र्याची देहबोली वाचायला शिकू दे. कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग आखडलेलं म्हणजे ते घाबरलंय, आणि घाबरलेलंच जास्त चावतं. डोळ्याला डोळा न भिडवता तिरकं उभं राहावं. आपल्या उन्हाळ्यात बंद गाडी भट्टी होते, म्हणून पकडायचं ते पहाटे. गल्लीची नोंद हवीच : २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदीनंतर कुत्रं त्याच जागी सोडायचं असतं. हे सगळं अनुभवी माणसाच्या हाताखाली शिकवा, अशी मागणी त्याने लेखी करावी.