मिस्टर व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेत, दारू बंद आहे. मग दर आठवड्याला समुपदेशन कशासाठी?

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर महिनाभर केंद्रात राहून आले, तेव्हापासून घोटभरही घेतलेली नाही, आणि आता दर शनिवारी समुपदेशकाकडे जायचं तर अर्धा खाडा होतो. त्यात सासूबाई म्हणतात, 'नुसतं बोलून काय होणार?' मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दारू थांबवणं हे त्यातल्या त्यात सोपं. गटारीला मनसोक्त पिऊन अख्खा श्रावण कोरडा काढणारे गल्लोगल्ली सापडतात, आणि 'बघ, मी केव्हाही सोडू शकतो' हे वाक्य तिथूनच येतं. अवघड असतं ते पुन्हा सुरू न होणं. केंद्रात तुमच्या मिस्टरांच्या हातात पगार नव्हता, वाटेत परमिट रूम नव्हती, भावकीची कटकट नव्हती, कुणाच्या लग्नाची वरात नव्हती. आता हे सगळं परत आलंय. त्यामुळे घरी आल्यावरचे पहिले तीन महिने सगळ्यांत निसरडे, आणि नेमक्या त्याच काळात घरच्यांना वाटतं की काम झालं.

'दारू वाईट असते' हे सांगायला समुपदेशक बसलेला नसतो. ते पिणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तो काय करतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, पेशंट म्हणाला की गेल्या आठवड्यात फार तलफ आली होती. समुपदेशक विचारणार: कोणता वार? किती वाजता? शेवटचं कधी खाल्लं होतं? खिशात किती पैसे होते? बरोबर कोण होतं? त्या आधी कुणाशी वाजलं होतं का? उत्तरं हळूहळू निघतात. पगाराचा दिवस होता. साडेपाचला शिफ्ट सुटली, पोटात दुपारी एकचा डबा. सुपरवायझरने चारचौघांत झापलेलं. कंपनीची बस सोडून मित्राच्या गाडीवर बसला, 'लवकर पोचू' म्हणून. आणि तो मित्र रोज ज्या चौकात थांबतो, तिथेच वाईन शॉप. पेशंटला वाटत असतं की तलफ अचानक आली. कागदावर मांडलं की दिसतं, ती दुपारपासून येत होती. बस सोडली तिथेच निम्मा निर्णय झाला होता, दारूचा विचारही मनात यायच्या आधी.

मग एकेका जागी उपाय ठरतो, आणि तो अगदी बारीक असतो. पाच वाजता केळी किंवा शेंगदाण्याचा लाडू खायचाच, कारण रिकाम्या पोटी तलफ जास्त जोर करते. बस सोडायची नाही. पगाराच्या खात्याला जोडलेलं यूपीआय फोनवरून काढायचं आणि रोजच्या खर्चापुरते पैसे दुसऱ्या खात्यात ठेवायचे. हे दोघांच्या संमतीने, हिसकावून नव्हे. आग्रह करणाऱ्याला काय सांगायचं ते वाक्य ठरवायचं: 'डॉक्टरांचं औषध चालू आहे, मला चालत नाही.' बस्स, पुढे खुलासा नाही. हे वाक्य समुपदेशक मोठ्याने म्हणायला लावतो, स्वतः मित्र होऊन 'अरे बीअर म्हणजे काय दारू आहे का?' असा आग्रह करतो, आणि पाच-सहा वेळा घोकून घेतो. बाहेरच्यांना हे पोरखेळ वाटतं. पण ऐन वेळी तोंडातून सवयीचंच वाक्य बाहेर पडतं, म्हणून नवीन वाक्याची सवय आधी लावावी लागते.

तलफेबद्दल आणखी एक गोष्ट शिकवली जाते: ती वाढत वाढत जाते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आपसूक ओसरते. प्यायलो नाही तर ती वाढतच जाईल, हा समज चुकीचा. तेवढा वेळ जागा सोडायची, पोटभर पाणी प्यायचं, ठरलेल्या माणसाला फोन लावायचा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेला गट, त्याच्या मीटिंगचा इथे फार उपयोग होतो. तिथे रात्री दहाला फोन उचलणारा माणूस मिळतो, आणि मीटिंगला फी नसते.

आता घसरणीबद्दल. मधे एकदा प्यायली गेली तर दारूपेक्षा जास्त नुकसान पुढचा विचार करतो: 'एवढे दिवस केलेलं पाण्यात गेलं, मग आता पिऊनच घेऊ.' एका क्वार्टरचे आठ दिवस असे होतात. म्हणून चांगला समुपदेशक घसरणीची तयारी ती होण्याआधीच करून घेतो: राहिलेली बाटली ओतून द्यायची, चोवीस तासांच्या आत फोन करायचा, लपवायचं नाही. याच कारणाने मी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावण्याच्या पूर्ण विरोधात आहे. शपथ मोडली की अपराधीपणा दुप्पट होतो, माणूस लपवायला लागतो, आणि लपवलेल्यावर कुणालाच काही करता येत नाही.

तुमचंही काम आहे, आणि ते सासूबाईंना पटणार नाही. महिन्यातून एकदा तरी तुम्ही दोघांनी एकत्र बसावं, शिवाय एकदा तुम्ही एकट्याने जावं. घरी येताच तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, 'बघू किती दिवस टिकतं' म्हणणं याने पाळत वाढते, दारू कमी होत नाही. उशीर झाला तर 'काळजी वाटत होती, निघताना फोन करत जा' एवढं पुरतं. प्यायलेल्या माणसाशी त्याच रात्री वाद घालू नका, सकाळी शुद्धीवर असताना बोला. साहेबांना 'ताप आहे' असं खोटं कळवू नका. आणि मारहाण होत असेल तर एकत्र बसण्याचा आग्रह कुणी केला तरी मानू नका. आधी तुमची सुरक्षितता, गरज पडली तर 112.

औषधांचं वेगळं सांगतो, कारण इथे फार घोळ होतो. तलफ कमी करणारी औषधं (नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट) मानसोपचारतज्ज्ञ देतात, समुपदेशक देत नाही. डायसल्फिराम ही दारू अंगाला सोसू न देणारी गोळी. ती चालू असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, क्वचित जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, रोज घरच्या माणसासमोर घेतली तर उपयोगी आहे. 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींमधली पावडर भाजीत मिसळणं मात्र कधीही करू नका. आणि ही गोळी चालू असेल तर काही खोकल्याची औषधं आणि द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसव-अरिष्टं टाळायची. त्यांतही अल्कोहोल असतं.

बोलून भागत नाही अशा वेळाही असतात. पुन्हा काही दिवस सलग भरपूर पिणं झालं आणि अचानक बंद केलं, तर काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट (आकडी) येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, दिवस-रात्रीचं भान सुटणं. हे घरी निस्तरायचं नसतं, थेट हॉस्पिटल. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली तरी तसंच. झोप मात्र काही आठवडे, कधी काही महिने उडालेली राहते, त्याला घाबरू नका. पण 'झोपेपुरती थोडी' हा रस्ता तिथूनच फुटतो, म्हणून ते आधीच सांगून ठेवा.

साधारण वेळापत्रक असं: पहिले तीन महिने दर आठवड्याला, पाऊण तास, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, निदान वर्ष पुरं होईपर्यंत. बरेच लोक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात, सगळं छान चाललेलं असतं म्हणून. खाड्याचा प्रश्न खरा आहे. संध्याकाळची वेळ किंवा एक आड एक फोनवर सेशन मिळेल का ते विचारा. बरेच जण तयार होतात. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीतही सोय असते. फोनवर मार्गदर्शन हवं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस 14416, दोन्ही मोफत.

समुपदेशक बरा आहे का, हे ओळखायला शनिवारी एकच विचारा: 'हे मधे प्यायले तर तुम्ही काय कराल?' 'पिणारच नाहीत, गॅरंटी' किंवा 'मग माझ्याकडे आणू नका' असं उत्तर आलं तर दुसरा शोधा. 'लगेच घेऊन या, काय झालं ते बघू' म्हणाला तर अर्धा खाडा पडला तरी जात राहा.