पहिला बेस: नेक विकत, बॉडी घरी

पहिल्याच बेस गिटारचा नेक (तारांखालचा लांब दांडा) कोरायला जाऊ नकोस. चार तारांचा एकूण ताण 75-80 किलोच्या आसपास जातो. तो पेलणारा नेक, आतला ट्रस रॉड (नेक वाकू न देणारी धातूची सळई), फ्रेटच्या (सूर ठरवणाऱ्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या) खाचा हे दुसऱ्या गिटारसाठी ठेव. 34 इंची स्केलचा (वाजणाऱ्या तारेची लांबी) तयार बोल्ट-ऑन, म्हणजे बॉडीला स्क्रूंनी जोडायचा, नेक घे. अमेरिकन गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरचा 1951 चा प्रिसिजन बेससुद्धा स्क्रूंनीच जोडलेला होता, त्यात कमीपणा काही नाही.

बॉडीच्या लाकडासाठी पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. गिटारला हवंय म्हटलंस की दुकानदार हसेल, हसू दे. सागवान लगेच मिळेल, पण ते तेलकट. फळ्या एकमेकींना चिकटवण्याआधी सांध्यावर थिनर फिरव. शिवणीचं लाकूड हलकं पडतं, खांद्याला बरं. फळी मात्र मुरलेली, नीट वाळलेली बघ. मी भर जुलैत घेतली आणि लगेच कापली. डिसेंबरात मधला सांधा असा उघडला की नाणं जाईल!

बॉडीत नेक बसायचा खड्डा राउटरने (लाकूड कोरायचं मशीन), टेम्प्लेट (आकाराचा साचा) लावून, एका दमात नाही तर तीन-चार मिलिमीटरच्या थरांनी. आधी एमडीएफच्या (दाबलेल्या भुशाच्या बोर्डाच्या) तुकड्यावर दोनदा करून बघ. कोपरे पटाशीने.

आणि ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत मोज (431.8 मिमी यायला हवं), त्याची दुप्पट म्हणजे सॅडलची (ब्रिजवरचा तारेचा टेकू) जागा, जाड तारेचा सॅडल किंचित मागे. पण नेक बसवल्याशिवाय ब्रिजची भोकं पाडू नकोस. वायरिंग, रंग वगैरे नंतर बोलू.