प्लास्टिक सर्जरीत भाजलेल्या जागी मांडीची कातडी लावतात, ती धरते कशी? आणि कधीकधी निघून का येते?

आधी एक: इथे प्लास्टिकचा काही संबंध नाही, ग्रीक ‘प्लास्टिकोस’ म्हणजे आकार देण्याजोगं. मांडीवरून साधारण 0.2 ते 0.4 मिमी जाडीचा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर काढतात. केसांच्या मुळांशी त्वचेच्या पेशी शिल्लक राहतात, म्हणून मांडी 10-14 दिवसांत आपोआप भरते (दुखते मात्र तीच जास्त).

लावलेली कातडी पहिले दोनेक दिवस जखमेतून पाझरणाऱ्या द्रवावर जगते. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिला जोडल्या जातात. त्याआधी खाली रक्त किंवा पाणी साचलं, पू झाला किंवा कातडी जागची सरकली, की ती काळी पडून निघते. म्हणूनच तिला बारीक छेद देतात, वरून दाबून ड्रेसिंग करतात, सांध्याजवळ असेल तर प्लास्टरची स्लॅबही. ड्रेसिंग बहुधा 5व्या दिवशी उघडतात. तोवर खाजलं तरी आत बोट घालू नका.