पाळक, डीकन आणि मंडळीची सभा: वाचकांचे प्रश्न

आमचे पाळकसाहेब म्हणतात, "मला देवाने नेमलंय, मी समितीला बांधील नाही." समिती म्हणते, "पगार आम्ही देतो." बॅप्टिस्ट रीतीप्रमाणे शेवटचा शब्द कुणाचा? – एक डीकन, पुणे

दोघांचाही नाही. मंडळीचा (म्हणजे स्थानिक चर्चचा) मस्तक ख्रिस्त, आणि त्याची इच्छा शोधायची ती सगळ्या सभासदांनी एकत्र बसून, ही बॅप्टिस्टांची, म्हणजे विश्वासणाऱ्यांनाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, मूळ धारणा आहे. १६०९ साली ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ आणि टॉमस हेल्विस यांच्याभोवती पहिली मंडळी जमली, तेव्हापासून ती चालत आली आहे. बायबलमधले प्रेषितांची कृत्ये ६ पाहा. विधवांना रोज होणाऱ्या अन्नाच्या वाटणीवरून कुरबूर झाली, तेव्हा त्या सेवेसाठी बारा प्रेषितांनी सात जण परस्पर नेमले नाहीत. सगळ्या शिष्यांना बोलावून निवड त्यांच्यावर सोपवली. पाळकाला पाचारण देवाचेच असते, पण ते ओळखून त्यावर शिक्कामोर्तब करते ती मंडळी. आणि डीकन हे मंडळीने सेवेसाठी निवडलेले असतात, ते पाळकाचे मालक नव्हेत.

हे तत्त्व सगळ्यांना तोंडपाठ असते. अडते ते नोंदवहीत. वहीत नावे १८०, रविवारी येणारे ७०, आणि मंडळीच्या घटनेत गणपूर्ती निम्म्या सभासदांची, म्हणजे ९०. मग सभा कधी कायदेशीर भरतच नाही आणि निर्णय चार जणांच्या खोलीत होऊ लागतात. पाळक आणि समिती यांच्यातली ओढाताण बहुधा इथून सुरू होते. म्हणून आधी वही हाती घ्या. प्रत्येक नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख, पत्ता, फोन आणि शेवटचे प्रभुभोजन कधी घेतले ते लिहा. जे दोन वर्षे दिसले नाहीत त्यांना घरी जाऊन भेटा. स्थलांतर केलेल्यांना पत्र देऊन नव्या मंडळीकडे सोपवा. घटनेने परवानगी दिली असेल तर उरलेल्यांची वेगळी यादी करा. न भेटता कुणाचेही नाव खोडू नका. तो माणूस तुमच्या कळपातला आहे.

त्यानंतर कामे वाटून घ्या. उपदेश, शिक्षण, आजाऱ्यांच्या भेटी पाळकाकडे. इमारत, गरजूंना मदत आणि ठरलेल्या मर्यादेतला खर्च डीकनांकडे. पाळकाची नेमणूक आणि सेवामुक्ती, अंदाजपत्रक, जमीन, नवे सभासद घेणे आणि शिस्तीची कारवाई सभेकडे. सभेची सूचना सलग दोन रविवारी वाचून दाखवा. पाळकाविषयीचे मतदान हात वर करून नको, चिठ्ठीने घ्या. शेजारी कोण बसले आहे ते पाहून हात वर जातात, आणि ती जखम वर्षानुवर्षे भरत नाही.

नोकरी सांभाळून पाळकी करतो. उपदेश शनिवारी रात्री तयार होतो, रविवारी पन्नास मिनिटे बोलतो आणि लोक कंटाळलेले दिसतात. काय बदलू? – नाशिक जिल्हा

पन्नास मिनिटे लागतात, कारण उताऱ्याचे मुख्य म्हणणे अजून सापडलेले नसते. ते सापडले नाही की माणूस सगळेच सांगत सुटतो. नोकरी करणाऱ्याला सलग आठ तास मिळणार नाहीत, पण रोज एक तास मिळू शकतो.

येशू वादळ शांत करतो तो उतारा, मार्क ४:३५-४१, घेऊ. सोमवारी आणि मंगळवारी उतारा फक्त मोठ्याने वाचा, चार-पाच वेळा. टीकाग्रंथ (बायबलचा अर्थ उलगडणारी पुस्तके) उघडू नका. अडणारे शब्द लिहून ठेवा. आपल्या रूढ भाषांतरात येशू 'वरामावर' झोपी गेला आहे. वराम म्हणजे नावेचा मागचा भाग, हे कोकण किनाऱ्यापलीकडे फार थोड्यांना ठाऊक असते. न समजलेला एक शब्द ऐकणाऱ्याला पुढची दोन वाक्ये अडकवून ठेवतो. बुधवारी उताऱ्यातली भीती शोधा. वादळात शिष्य घाबरलेले आहेत, पण वारा पडल्यावर ते अतिशय घाबरतात आणि विचारतात, हा आहे तरी कोण? इथे उपदेशाचे एक वाक्य मिळते: वारा शमल्यावर शिष्यांची भीती संपली नाही, ती लाटांवरून येशूकडे वळली. गुरुवारपर्यंत असे एक वाक्य हाती नसेल तर मुद्दे लिहायला बसू नका.

याच उताऱ्यावर "तुमच्या जीवनातली सर्व वादळे प्रभू शांत करील" असा उपदेश हमखास होतो. उताऱ्यात तसे वचन नाही. तिसऱ्या बाकावर मुलगा गमावलेली आई बसलेली असते. तिचे वादळ शमले नाही, आणि तुमच्या त्या वाक्याने ती घरी जाताना स्वतःच्या विश्वासाला दोष देत जाते. नावेत तिच्याबरोबर कोण आहे, हे मात्र तुम्ही तिला उताऱ्यावरून खात्रीने सांगू शकता.

शुक्रवारी सुरुवात आणि शेवट शब्दशः लिहा. उपदेश लांबतो तो बहुधा शेवटी, विमान उतरायला धावपट्टी शोधत घिरट्या घालते तसा. शनिवारी उभे राहून, घड्याळ लावून, पूर्ण मोठ्याने बोला. तीस मिनिटांवर गेला तर वेग वाढवू नका, एक अख्खा मुद्दा काढून टाका. एकच पुस्तक क्रमाने घेतलेत तर "या रविवारी कशावर बोलू" यात जाणारा वेळही वाचतो. मार्कचे १६ अध्याय आठ-दहा महिने पुरतात.

यूट्यूबवरचा इंग्रजी उपदेश उतरवून घेऊ नका. त्यातली उदाहरणे बेसबॉलची असतात आणि वाक्ये मराठीत लंगडतात. विल्यम केरी हे बॅप्टिस्ट मिशनरी. बंगालमधील सेरामपूरला राहून त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला, लोकांच्या भाषेत वचन पोचावे म्हणून. तुमच्याकडे ती भाषा जन्मापासून आहे.

आमच्याकडे हौद नाही, नदीवर बाप्तिस्मा देतो. या वेळी सहा जण आहेत, त्यात सत्तर वर्षांच्या एक आजी. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, सांगली

जागा आदल्या दिवशी स्वतः पाण्यात उतरून, पायाने चाचपून पाहा. शेवाळलेला खडक आणि गाळ वरून दिसत नाही. पाणी कमरेइतके, साधारण तीन ते साडेतीन फूट असावे. वर धरण असेल तर पाणी कधी सोडणार ते पाटबंधारे खात्याकडे विचारा, आणि पावसाळ्यात नदी टाळाच.

बाप्तिस्मा घेणाऱ्याचे डोके प्रवाहाच्या वरच्या बाजूला येईल असे उभे करा. उलटे उभे केले तर पाणी नाकात शिरते. त्याने एका हाताने नाक धरावे आणि दुसऱ्या हाताने तेच मनगट. तुमचा एक हात त्या मनगटावर, दुसरा पाठीवर खांद्यांच्या मध्ये. त्याला गुडघे वाकवायला सांगा. ताठ माणूस बुडवताना तुमचाच तोल जातो. कपडे गडद आणि जाड हवेत. बहिणींसाठी चादरीचा आडोसा आणि कोरडे कपडे काठावर तयार असावेत. आजींसाठी डॉक्टरांना आधी विचारा आणि पाण्यात एक जास्त माणूस उभा करा. पाण्यात प्लास्टिकची खुर्ची धरून ठेवली तर बसलेल्या स्थितीतही त्यांना मागे झुकवून पूर्ण बुडवता येते.

वायर असलेला माइक पाण्याजवळ आणू नका. २००५ साली टेक्सासमधील वेको शहरात हौदात उभ्या असलेल्या एका बॅप्टिस्ट पाळकांनी माइकला हात लावला आणि विजेच्या धक्क्याने त्यांचा मृत्यू झाला. काठावरून मोठ्याने बोला, तेवढे पुरते.

अर्पण आता क्यूआर कोडने येते. मंडळीचे खाते नसल्याने कोड पाळकांच्या नावाचा आहे. चालेल का? – एक कोषाध्यक्ष, ठाणे

चालणार नाही; पाळक कितीही प्रामाणिक असले तरी. उद्या कुणी बोट दाखवले तर त्यांच्याकडे पुरावा काय राहील? ते पैसे त्यांचे उत्पन्नही दिसेल. मंडळीच्या नावाने, दोन सह्यांचे खाते उघडा. रोख अर्पण उपासना संपताच, एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी मोजावे, चिठ्ठीवर दोघांनी सही करावी, आणि सोमवारी बँकेत भरावे. पाळकांनी मोजणीला हात लावू नये.

मंडळी न्यास म्हणून नोंदलेली असेल तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. जमीन किंवा इमारत विकायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जुन्या, वारलेल्या विश्वस्तांची नावे तशीच राहिली की भांडण लागल्यावर कायद्यापुढे मंडळीचे म्हणणे मांडायला कुणीच उरत नाही.

रविवारच्या शाळेतल्या एका शिक्षकाबद्दल तेरा वर्षांच्या मुलीने आईला गंभीर गोष्ट सांगितली आहे. वडील मंडळी मत्तय १८ दाखवून म्हणतात, आधी एकांतात भेटा, क्षमा करा, बाहेर जाऊ नका. बरोबर आहे का? – नाव-गाव दिलेले नाही

नाही. आजच पोलिसांकडे जा. ११२ किंवा १०९८ (बालकांसाठीची मदतवाहिनी) वर फोन करा. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे, हे ज्याला कळले त्याने कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. आधी समितीची बैठक घेऊन मग ठरवू, असे करू नका.

मत्तय १८:१५ दोन भावांमधल्या अपराधाविषयी आहे. बालकावर झालेल्या गुन्ह्याला ते लावता येत नाही. त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात, लहानाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावे हे बरे, असे प्रभूच म्हणतो. अध्याय दाखवायचा तर तिथपासून दाखवावा.

मुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका. तिने जे शब्द वापरले तेच, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. शिक्षकाला आधी विचारायला जाऊ नका. त्याने पुरावे नाहीसे होतात आणि मुलीवर दबाव येतो. त्याला त्याच दिवशी मुलांच्या सर्व कामांतून बाजूला करा. मुलीला त्याच्यासमोर उभे करून "समेट" घडवू नका. पाळकाने त्या कुटुंबाच्या बाजूला बसावे, आणि मंडळीत नावाची चर्चा होऊ देऊ नये.

"आमची मंडळी स्वायत्त आहे, बाहेरच्यांचा संबंध नाही" हेही तुम्हाला ऐकावे लागेल. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मोठ्या संघात हेच झाले. मे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने दाखवले की मुख्य कार्यालयात आरोप झालेल्यांची यादी वर्षानुवर्षे ठेवली जात होती. पीडितांना मात्र सांगितले जात होते की मंडळ्या स्वायत्त आहेत, आम्ही काही करू शकत नाही. पुढच्या मंडळीला कुणी सावध केले नाही आणि माणसे एका व्यासपीठावरून दुसऱ्यावर गेली. स्वायत्तता ख्रिस्ताचे ऐकायला मोकळे राहण्यासाठी मिळाली आहे, लपवायला नाही. म्हणून आणखी एक गोष्ट: त्या शिक्षकाला दुसऱ्या मंडळीसाठी शिफारसपत्र देऊ नका.

माझे पती १४ वर्षे पाळक आहेत. सुट्टी नाही, घर मंडळीचे, रविवारची शाळा, भगिनी मंडळ आणि चहापाणी माझ्याकडे. बोलले तर "विश्वास कमी पडतोय" म्हणतात. – एक पाळकपत्नी, विदर्भ

ताई, विश्वास कमी पडलेला नाही. कामाच्या अटी कधी लिहिल्याच गेल्या नाहीत, म्हणून ही वेळ आली. आठवड्यात एक पूर्ण दिवस पाळकांचा फोन एका डीकनाकडे असावा. मृत्यू, अपघात, रुग्णालय, एवढ्यासाठीच त्याने तो पुढे द्यावा. वर्षाची भरपगारी रजा, प्रवासाचे इंधन वेगळे, कुटुंबाचा आरोग्य विमा, हे लेखी हवे. घर मंडळीचे असेल तर निवृत्तीच्या दिवशी तुम्ही रस्त्यावर येता. त्यासाठी पगारात वेगळी रक्कम धरून ती आजपासून पीपीएफमध्ये भरा. खाते १५ वर्षांनी पिकते आणि वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात. छोट्या मंडळीने महिना हजार रुपयांनी सुरुवात केली तरी हरकत नाही.

हा विषय तुम्ही किंवा पतींनी मांडू नका, तो स्वार्थ वाटतो. फेब्रुवारीत अंदाजपत्रक बनते तेव्हा एखाद्या समजूतदार डीकनाने १ तीमथ्य ५:१८ (कामकऱ्याला त्याची मजुरी मिळावी, हे वचन) उघडून मांडावा. आणि भगिनी मंडळाचे अध्यक्षपद पाळकाच्या पत्नीकडेच हवे, असे शास्त्रात कुठेही नाही. पुढच्या निवडीत नाव नको असेल तर दोन महिने आधी सांगा, म्हणजे दुसऱ्या बहिणीला हिशेबाची वही आणि भेटींची यादी तुमच्याजवळ बसून समजून घ्यायला वेळ मिळेल.