माळ कशासाठी पाठवली, ते आईला विचार

ताई, मी २९ वर्षांची तिबेटी मुलगी आहे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमची नॉर्गेलिंग ही वस्ती आहे; आजूबाजूचे लोक तिला तिबेटी कॅम्प म्हणतात. माझे कॉलेज नागपूरला झाले आणि आता मी पुण्यात नोकरी करते. वडील, म्हणजे पा-ला, तीन वर्षांपूर्वी गेले. दादा टोरंटोला असतो. आई, म्हणजे आमा-ला, ६२ वर्षांची असून घरी एकटीच आहे. तिला मधुमेह आहे आणि तिचे गुडघेही दुखतात. दादा पैसे पाठवू लागल्यापासून आम्ही तिला स्वेटर विकायला जाऊ दिले नाही, त्यामुळे गेले दोन हिवाळे तिला आराम आहे. तरीही ती पहाटे तीनला उठून बसते, जेवण अर्धवट सोडते आणि छातीत वारा भरल्यासारखे होते म्हणते. आमच्या आमचींनी, म्हणजे तिबेटी वैद्यांनी, सोक-लुंग, म्हणजे प्राणवायू बिघडल्याचे, सांगून गोळ्या दिल्या आहेत. डॉक्टरकडे चल म्हटले की ती म्हणते, "जे चीनच्या तुरुंगात सडले त्यांचे दुःख ते दुःख. मला काय झाले आहे?" मला वाटते, देश गेल्याचे हे दुःख आमच्या सगळ्यांच्याच रक्तात आहे. ती फार श्रद्धाळू आहे, त्यामुळे वेडेवाकडे काही करील अशी भीती नाही. मागच्या महिन्यात तिने आजीची पोवळ्यांची माळ शेजारच्या आचा-लांबरोबर (आचा-ला म्हणजे ताई) माझ्याकडे पाठवली. ती मी लोसारला, म्हणजे आमच्या नववर्षाला, घालण्यासाठी कपाटात ठेवली आहे. दादा तिला कॅनडाला नेण्याच्या खटपटीत आहे. तोवर थांबावे की नोकरी सोडून मी गावी जावे?
(पत्र संक्षिप्त केले आहे.)

तुझ्या मूळ पत्रात कॅनडाच्या कागदपत्रांवर दीड पान आहे आणि माळेवर एक वाक्य. मी त्या वाक्यापाशी थांबले आणि तूही तिथेच थांबायला हवे होतेस.

ही माळ कोणती, ते तूच पत्रात अन्यत्र लिहिले आहेस. तुझ्या आजीने १९५९ नंतर सीमा ओलांडताना ती अंगावर घालून आणली. तुझी आई जन्मली ती हिमाचलमध्ये रस्ते बांधणाऱ्या निर्वासितांच्या छावणीत. त्या काळी धान्यासाठी आणि औषधासाठी अनेक कुटुंबांनी पोवळी आणि पिरोजे मिळेल त्या भावाला विकले, पण तुझ्या आजीने ही माळ विकली नाही. पुढे १९७२ च्या सुमारास तुमची वस्ती वसली, तेव्हा तुमच्या भागाचा जिल्हा भंडारा होता. तिथल्या रानात भातशेती उभी करतानाही घरात कोणी ती मोडली नाही. अशी माळ आई मुलीला देते ती लग्नात किंवा लोसारला, चार माणसांदेखत, स्वतःच्या हाताने गळ्यात घालून. तुझ्या आईने ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पुण्याला निघालेल्या शेजारणीच्या पिशवीतून पाठवली, बरोबर ना निरोप, ना चिठ्ठी. आणि तू ती कपाटात ठेवलीस. हे वाचून मला तुझा राग आला आणि तो मी लपवणार नाही.

पहाटे तीनला झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातच मन न रमणे हे सगळे महिनोन्महिने चालू असताना एखादे माणूस आपली जिवापाड जपलेली वस्तू वाटून टाकू लागते, तेव्हा ते निरवानिरव करीत असण्याची शक्यता धरून चालावे लागते. कदाचित तसे नसेलही. कदाचित घरात एकटीला चोरांची भीती वाटली असेल. पण हे 'कदाचित' तू पुण्यात बसून ठरवू शकत नाहीस आणि मीही इथे बसून ठरवू शकत नाही. ते तिला विचारूनच कळेल.

म्हणून आज रात्रीच निघ. हे पत्र छापून यायची वाट न पाहता मी तुला हेच फोनवर सांगितले आहे. इथे लिहिते आहे ते तुझ्यासारख्या इतर मुलामुलींसाठी. निघण्यापूर्वी आचा-लांना फोन करून सांग की तू पोहोचेपर्यंत त्यांनी आमा-लाजवळ झोपायला जावे आणि भातावर फवारायच्या औषधाचे डबे व घरात साठलेल्या जास्तीच्या गोळ्या आपल्या घरी नेऊन ठेवाव्यात. विदर्भात राहणाऱ्या माणसाला या सूचनेचे कारण समजावून सांगावे लागत नाही. पोहोचलीस की पहिल्याच दिवशी, दोघीच असताना, तिच्या भाषेत, आडपडदा न ठेवता विचार: "आमा-ला, जगणे नकोसे झाले आहे का? जीव द्यावा असे मनात येते का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे, बहुतेकदा विचारणारे कोणीतरी भेटले म्हणून माणसाचा ऊर हलका होतो. उत्तर 'हो' असेल तर तिला क्षणभरही एकटी सोडू नकोस आणि त्याच दिवशी गोंदिया किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. उत्तर 'नाही' असेल तरी त्याच आठवड्यात तिथे जायचेच आहे. वाटेत काही सुचेनासे झाले तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर तू स्वतः मराठीत बोल. ती सरकारी सेवा मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.

आता तुझ्या 'रक्तातल्या दुःखा'विषयी. देश जाणे ही लहान गोष्ट नाही. जन्मभर परदेशी म्हणून नोंदणीचे कागद नूतन करीत राहण्याने माणसाच्या पायाखालची जमीन कधी पक्की होत नाही, हेही खरे. पण सगळा भार इतिहासावर टाकला की कोणालाच काही करावे लागत नाही, आणि ही सोय तुम्ही दोघा भावंडांनी करून घेतली आहे. तुझ्या आईने तिबेट पाहिलेलाच नाही. तिच्या वाट्याला जे आले ते मोजून पाहा: वैधव्य, मधुमेह, दुखणारे गुडघे, शाळा न पाहिलेले बालपण आणि दोन्ही मुले दूर. यांतली प्रत्येक गोष्ट नैराश्याची जोखीम वाढवते, आणि शेजारची तरुण मंडळी एकेक करून युरोप-अमेरिकेला निघून गेल्यामुळे ओसरत चाललेल्या वस्तीत या सगळ्या गोष्टी एकाच बाईच्या माथी येतात. त्यात तुम्ही तिचा हिवाळा काढून घेतलात. लुधियानाहून उधारीवर माल आणायचा, दिवाळीच्या सुमारास शहरात दुकान मांडायचे, दिवसभर गिऱ्हाइकांशी मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत घासाघीस करायची, रात्री इतर बायकांबरोबर भाड्याच्या खोलीत थुक्पा रांधून हिशेब करायचा: या तीन-चार महिन्यांत तिला कष्ट होते, तशीच माणसे आणि स्वतःची कमाईही होती. त्याच्या बदल्यात तुम्ही तिला दिलेत ते बँकेत जमा होणारे पैसे आणि रिकामे घर, आणि त्याला तू 'आराम' म्हणतेस.

तुरुंगवासाची जी तुलना ती करते, ती तिबेटी घरांतून पुष्कळदा ऐकू येते. आपल्यापेक्षा दुसऱ्याचे दुःख मोठे मानण्याच्या त्यांच्या धर्मातल्या शिकवणीने अनेकांना भयंकर दिवसांतून तारून नेले आहे, याबद्दल मला आदर आहे. मात्र तीच शिकवण पुढे करून माणूस स्वतःचे दुखणे दडपूही शकतो. श्रद्धेचा आधार असतो, हमी नसते. श्रद्धाळू माणसांनाही हा आजार होतो आणि त्यांचाही जीव त्यात जातो.

आमचींना नावे ठेवू नकोस. छातीत भरणारा वारा, धडधड, उडालेली झोप, उदासी आणि भय ही सोक-लुंगची लक्षणे त्यांच्या वैद्यकात फार पूर्वीपासून नोंदलेली आहेत, त्यामुळे काहीतरी बिघडले आहे हे सर्वांत आधी त्यांनीच ओळखले. मानसोपचाराची गोष्ट आमा-लाला त्यांच्या तोंडून पटेल. तू त्यांचीच मदत माग. त्यांच्या गोळ्यांची पुडी दवाखान्यात बरोबर ने आणि डॉक्टरांना दाखव. तिथे थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर तपासून घ्या, कारण यांतल्या बिघाडानेही माणूस असेच मलूल होते. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारणपणे दोन ते सहा आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी 'काही फरक नाही' म्हणून ती बंद करायची नाहीत. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायची आहेत. आणखी एक: तपासणीत दुभाषी तू होऊ नकोस. पोटच्या मुलीच्या तोंडून डॉक्टरांना "मला मरावेसे वाटते" असे कळवायला कोणती आई धजावेल? तुमच्या वस्तीच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला बरोबर येण्याची विनंती कर आणि तू बाहेर बाकावर बस.

नोकरी सोडण्याचा निर्णय या महिन्यात घेऊ नकोस, फक्त रजा टाक. साहेब कुरकुरले तर कुरकुरू देत. दादाला हे पत्र जसेच्या तसे पाठव. तो विमानाच्या तिकिटाची अडचण सांगेल, त्यावर वाद न घालता तिला दर रविवारी ऐवजी रोज फोन करायला सांग. कॅनडाला न्यायचे की पुण्याला, की पुढच्या हिवाळ्यात पुन्हा स्वेटरच्या दुकानात बसवायचे, हे तिचे औषध लागू पडल्यावर तिलाच विचारून ठरवा. तेव्हा हवे तर मला पुन्हा लिही.