गोरोंगोझा उद्यान कुठे आहे, आणि तिथले प्राणी युद्धात खरंच संपले होते का?

हो, जवळजवळ संपलेच होते. पण आधी तिथल्या पाण्याबद्दल सांगतो, कारण ते समजल्याशिवाय गोरोंगोझा कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

हे उद्यान मोझांबिकच्या मध्यभागी, सोफाला प्रांतात आहे. पूर्व आफ्रिकेतली प्रचंड खचदरी इथे दक्षिण टोकाशी येते. दरीच्या तळाशी उरेमा सरोवर आहे. पावसाळ्यात ते पसरून आजूबाजूची कुरणं बुडवतं. कोरड्या दिवसांत पाणी ओसरलं की ओल्या गाळावर कोवळं गवत फुटतं आणि रानम्हशी, झेब्रे, वॉटरबक त्यावर जगतात. या पाण्याचा मोठा आधार म्हणजे जवळचा १,८६३ मीटर उंचीचा गोरोंगोझा डोंगर. हिंदी महासागरावरून येणारे बाष्पाचे वारे तो अडवतो, आणि माथ्यावरच्या वर्षावनातून निघालेल्या नद्या खाली उद्यानाकडे वाहतात.

१९२० साली इथे शिकारीसाठी राखीव क्षेत्र झालं, १९६० मध्ये पोर्तुगीज सरकारने राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. डोंगर मात्र हद्दीबाहेरच राहिला. केन टिनली या परिसंस्थाशास्त्रज्ञाने पुढे डोंगर आणि दरी मिळून एकच व्यवस्था आहे हे नीट मांडलं, पण तोवर देश युद्धाच्या तोंडावर होता.

१९७७ ते १९९२ यादवी चालली. १९८१ मध्ये चितेंगो या मुख्य तळावर हल्ला झाला, १९८३ मध्ये उद्यान बंद पडलं. हस्तिदंत शस्त्रांसाठी विकलं गेलं, मांस सैनिकांनी खाल्लं, आणि शांतता झाल्यावरही शिकार थांबली नाही. मोठे सस्तन प्राणी ९० टक्क्यांहून अधिक घटले. मला सर्वांत अस्वस्थ करते ती हत्तिणींची गोष्ट. पूर्वी साधारण पाचांतल्या एकीला सुळे नसत. सुळेवाल्या मारल्या गेल्याने युद्धानंतर बिनसुळ्यांचं प्रमाण वाढून जवळपास निम्मं झालं. हा गुण आनुवंशिक असल्याचं संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

२००४ पासून अमेरिकी दानशूर ग्रेग कार यांची संस्था आणि मोझांबिक सरकार यांनी मिळून उद्यान पुन्हा उभं करायला घेतलं. रानम्हशी आणि वाइल्डबीस्ट बाहेरून आणले, २०१८ मध्ये रानकुत्रेही आले. पण माझ्या लेखी सर्वांत मोलाचा निर्णय २०१० चा: डोंगराचा ७०० मीटरच्या वरचा भाग अखेर उद्यानात घेतला. तिथे शेतीसाठी जंगल तुटत होतं. आता त्याच उतारांवर स्थानिक शेतकरी देशी झाडांच्या सावलीत कॉफी पिकवतात, आणि सावलीसाठी झाडं पुन्हा लावली जातात.